सागवानी कपाटाखाली रोज पिठी पडतेय. औषध नेमकं करतं काय?

कोनाडा (धागाकर्ती) | १२ जून, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी,

आमच्या आजेसासूबाईंचं एक सागवानी कपाट आहे. घरात त्याला अजून 'लोणच्याचं कपाट' म्हणतात. चिपळूणच्या घरी त्यात बरण्या असायच्या. दार उघडलं की आजही हिंगाचा वास येतो, असं सासरे म्हणतात. मला कधी आला नाही. दोन वर्षांपूर्वी ते घर विकलं आणि कपाट पुण्याला आणलं. पाठ आणि तळ खिळखिळे झाले होते, ते इथल्या एका सुताराकडून दुरुस्त करून घेतले आणि वरून चकचकीत मेलामाइन मारून घेतलं.

या मे महिन्यापासून केर काढताना कपाटाखाली पिवळट पिठी दिसते. झाडली की दोन दिवसांत परत. दारावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं पडलीत. मोजली, अकरा आहेत. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. त्याने पाठीवरच्या पंपाने बाहेरून फवारा मारला, साडेतीन हजार घेतले आणि 'काम झालं' म्हणून गेला. तीन आठवडे झाले, पिठी पडतेच आहे.

मला फसवलं गेलंय का, हा प्रश्न नाही. मला एवढंच कळून घ्यायचंय की ही औषधं लाकडात जाऊन करतात काय? अळी आत खोलवर, फवारा बाहेर. त्यांची गाठ पडते कुठे?

रंधा | १२ जून, दुपारी १:०५

ताई, आधी एक सांगतो. ही वाळवी नव्हे. वाळवी माती आणते, नळ्या करते, लाकूड आतून पानापानांनी खाते. हा भुंगा. पुण्या-मुंबईकडं आता सगळे 'बोरर' म्हणतात. आमचे वडील घुण म्हणायचे.

दुसरं, जुन्या सागाचा गाभा भुंगा खात नाही. सागाच्या अंगातच तेल असतं. खातो तो सालीलगतचा पांढरा भाग. तुमच्या आजेसासूबाईंच्या काळच्या सुताराने पांढरं लाकूड कपाटाला लावलं असेल असं मला वाटत नाही, त्या वेळी पांढरं जळणात जायचं. तेव्हा रागावू नका, पण दुरुस्तीत पाठीला आणि तळाला कसलं लाकूड घातलंय ते बघा. फोटो टाका. दाराचा नको, आतल्या पट्ट्यांचा.

वऱ्हाडी_ऊन | १२ जून, दुपारी ३:२०

रॉकेल भरा ना इंजेक्शनमध्ये अन् एकेका भोकात सोडा. आमच्या घरी आजोबा हेच करत. मी पण केलं, दिवाणाच्या पायाला. एका भोकात सुई घातली, जोरात दाबलं, तर शेजारच्या भोकातून पिचकारी आली ती सरळ डोळ्यात. अर्धा तास नळाखाली बसलो. आतून सगळी बोगदे एकमेकांना जोडलेली असतात, हे त्या दिवशी कळलं. चष्मा घाला म्हणजे झालं.

पिठी मात्र पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पडून राहिली होती.

किडेकर | १२ जून, रात्री ९:४०

बावीस वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

आधी पिठी चिमटीत घेऊन चोळा. मैद्यासारखी, टाल्कम पावडरसारखी गुळगुळीत लागली तर लिक्टस जातीचा भुंगा किंवा त्याचा भाऊबंद. रव्यासारखी खरखरीत लागली तर दुसरं कुळ, ते युरोपात जास्त. आणि खसखशीसारखे सुटे, सहा पैलूंचे दाणे असतील तर ती कोरडी वाळवी. ती माती आणत नाही, कोकणात आणि मुंबईत भरपूर आहे. तिन्हींवरचा उपाय वेगळा. ताईंनी 'पिठी' म्हटलंय आणि भोकं टाचणीच्या डोक्याएवढी आहेत, म्हणजे बहुतेक पहिला.

आता याचा संसार बघा. मादीला लाकूड नको असतं, तिला त्यातला स्टार्च हवा असतो. अंडी घालण्याआधी ती लाकूड चावून चव बघते. स्टार्च साधारण तीन टक्क्यांच्या खाली असला तर पुढे जाते. पसंत पडलं तर लाकडाच्या उघड्या नळ्यांत, म्हणजे ज्यांतून झाड जिवंत असताना पाणी चढायचं त्यांत, शेपटाची नळी घालून अंडी सोडते. त्यामुळे नळ्या बारीक असलेलं लाकूड सुटतं, पाइन-देवदार सुटतात, आणि आंबा, सावर, रबरवुड, सागाचा पांढरा भाग सापडतात. अळी महिनोन् महिने आतच खाते आणि मागे पीठ दाबत जाते. शेवटी भुंगा होऊन सरळ बाहेर पडतो. आपल्याला दिसतं ते भोक हे त्याचं बाहेर पडायचं दार आहे, आत शिरायचं नाही. भोक दिसेपर्यंत तो गेलेलाही असतो.

आणि आता ताईंचा प्रश्न, गाठ कुठे पडते. ब्रशने किंवा फवाऱ्याने लावलेलं औषध कोरड्या लाकडात काही मिलिमीटर जातं. सागाच्या गाभ्यात तेवढंही नाही. मेलामाइनवर मारलं तर शून्य. तो पॉलिश म्हणजे प्लास्टिकचा रेनकोटच, त्यावर मारलेलं औषध पुसून पोछाला लागतं. म्हणजे आज आत जी अळी बसली आहे तिच्यापर्यंत बाहेरून मारलेलं औषध बहुतेक वेळा पोचतच नाही.

मग उपयोग काय? औषध दारात उभं राहतं. आतला भुंगा बाहेर येताना शेवटचे दोन-तीन मिलिमीटर कुरतडतो, तेच विषारी असतात. बाहेरून आलेली मादी चव बघायला चावते, तिथेही तेच. अंड्यातून निघालेली अळी पहिला घास घेते, तोही तोच. आतले आहेत ते आपला काळ पुरा करून दाराशी येतात आणि मरतात. म्हणून औषध नीट लावलं तरी काही महिने पिठी पडू शकते. एखाद-दुसरं नवं भोकही पडतं. त्याने औषध फसलं असं होत नाही.

तुमच्या बाबतीत मात्र ते दारात उभंच राहिलेलं नाही, रेनकोटवरून ओघळून गेलंय.

शंकेखोर | १२ जून, रात्री १०:३०

माहितीपूर्ण. पण 'विषारी' म्हणजे काय? पेस्ट कंट्रोलवाले कधी क्लोरपायरिफॉस म्हणतात, कधी इमिडा, कधी बोरॅक्स. सगळं एकच का? आणि तीन आठवड्यांत न मरायला किडा काही अमरत्वाचा पट्टा घेऊन आलेला नाही.

किडेकर | १३ जून, सकाळी ७:१०

एकच नाही, आणि हाच मुद्दा लोक सोडतात.

क्लोरपायरिफॉस: किड्याच्या एका मज्जातंतूकडून दुसऱ्याकडे निरोप नेणारं जे रसायन असतं ते काम झाल्यावर साफ करणारं एन्झाइम हे बंद पाडतं. निरोप थांबतच नाहीत, किडा झटके येऊन मरतो. आपल्याही शरीरात तेच एन्झाइम आहे, म्हणून घरात वापरताना माझा हात आखडतो. युरोपीय संघाने २०२० मध्ये त्याची परवानगी नूतनीकरण न करता संपवली. आपल्याकडे वाळवीसाठी पायाच्या मातीत ओततात, २० ईसीचं (म्हणजे वीस टक्के औषध असलेल्या द्रावणाचं) एक लिटर एकोणीस लिटर पाण्यात, म्हणजे एक टक्का. पेस्ट कंट्रोलवाल्याने बहुधा तोच पंप तुमच्या कपाटावर चालवला. मातीचं औषध फर्निचरवर.

इमिडाक्लोप्रिड: निकोटिनचा चुलता. निरोप घेणाऱ्या खुर्चीवरच जाऊन बसतं.

परमेथ्रिन, बायफेन्थ्रिन: शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रमच्या फुलांत जे असतं त्याची कारखान्यात केलेली, उन्हात लवकर न विरणारी नक्कल. मज्जातंतूतली सोडियमची झडप उघडी ती उघडीच ठेवतं. ही तिन्ही चिमटीभर असली तरी पुरतात, पण बसतात तिथेच. लाकडात पुढे सरकत नाहीत.

बोरॉन मात्र वेगळं. कॅरमच्या बोर्डावर टाकायची ती बोरिक पावडर आणि वाण्याकडचा टाकणखार, म्हणजेच बोरॅक्स. हे मज्जातंतूला हात लावत नाही. अळीने खाल्लेलं लाकूड पचवून त्यातून शक्ती काढायची जी साखळी असते, ती तोडतं. किडा जेवतो आणि उपाशी मरतो, सावकाश. याचा मोठा गुण म्हणजे लाकूड ओलं असेल तर बोरॉन पाण्याचा हात धरून गाभ्याकडे सरकत जातं. आणि मोठा दोष असा की त्याच पाण्याचा हात धरून पावसात बाहेरही निघून जातं. कोरड्या, पॉलिशच्या कपाटात ते फार चालत नाही. ताज्या कापलेल्या फळीत आणि बांबूत मात्र त्याच्यासारखं काही नाही.

माणगा | १३ जून, दुपारी १२:५०

बांबूचं नाव काढलंत म्हणून आलो. कुडाळकडे आमची माणग्याची बेटं आहेत. बांबूला गाभा असा नाहीच, सगळाच गोड. भुंग्याला ताट वाढून ठेवल्यासारखं.

आमचे आजे काठ्या तोडून पंधरा दिवस, तीन आठवडे व्हाळात दगडाखाली दाबून ठेवीत. वास सुटायचा, पण त्या काठ्या टिकायच्या. तेव्हा म्हणायचे 'पाणी दिलं'. आता कळतं की पाण्यात साखर आणि स्टार्च सडून, धुऊन जायचे. किडेकर म्हणतात तो तीन टक्क्यांचा हिशोब, दुसरं काय! आणि चुलीवरच्या माळ्यातल्या काळ्या झालेल्या वाशाला मी अजून भोक पडलेलं बघितलेलं नाही.

आता आम्ही बोरिक आणि टाकणखार एकास दीड अशा मापाने पाण्यात कालवतो. आतल्या गाठी लांब सळीने फोडून घ्यायच्या, नाहीतर पाणी पेरापाशीच अडतं. मग दहा-बारा दिवस टाकीत बुडवायचं. तोडल्यावर लगेच, ओला असतानाच. एकदा एका माणसाने वाळलेले बांबू आणून दिले आणि 'हेही बुडवा' म्हणाला. बुडवले. सहा महिन्यांनी त्याच्या हॉटेलच्या टेबलांवर पीठ पडलं आणि शिव्या मला.

टेम्सकाठ | १३ जून, संध्याकाळी ६:३० (इथली दुपार)

इंग्लंडात रेडिंगला राहतो. इथे जुनं घर घेताना सर्व्हेच्या कागदात 'वुडवर्म' हा शब्द आला की बँकेपासून बायकोपर्यंत सगळ्यांची झोप उडते. आमच्याही जिन्याखाली भोकं निघाली. दोघेजण मास्क लावून आले, परमेथ्रिन फवारून गेले आणि बऱ्याच वर्षांचं हमीपत्र दिलं. मग एका म्हाताऱ्या सुताराने भोकात नखाने टोकरून दाखवलं. कडा काळवंडलेल्या, पिठी नाही. किडे मी जन्मायच्या आधी जेवून गेले असावेत. इथल्या भुंग्याची अळी तीन ते पाच वर्षं आत राहते, पण लाकडातला ओलावा बारा टक्क्यांच्या खाली गेला की तिचं बस्तान उठतं. घरभर हीटिंग असताना जिना कोरडाच असतो. म्हणजे मी मेलेल्यावर औषध घातलं.

मांजर असेल तर मात्र ऐका. माणसाचं यकृत परमेथ्रिनला निकालात काढतं, मांजराचं काढू शकत नाही. ओल्या लाकडावर चालून पंजे चाटले की संपलं. आमच्या पिंगीला आठवडाभर शेजारी ठेवलं होतं. माशांनाही ते विषच आहे, टाकी असेल तर झाकून पंप बंद करा.

अवांतर, पण भारताशी नातं आहे म्हणून लिहितो. वेस्टमिन्स्टर हॉलचं छत चौदाव्या शतकाच्या शेवटचं, ओकचं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कळलं की तुळया 'डेथवॉच' भुंग्याने आतून पोकळ केल्यात. औषध शोधायला बोलावलं हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांना. हे गृहस्थ त्याआधी बिहारातल्या पुसा इथे भारत सरकारचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या औषधाला एवढी मागणी आली की १९२५ मध्ये कंपनी निघाली, तीच आजची रेंटोकिल. आणि त्याच वर्षी आपल्याच प्रयोगशाळेत विषारी वायूने ते गेले.

रंधा | १३ जून, रात्री ८:१५

बाप रे. किडेकर, आमच्या वखारीत हिरवट रंगाचे खांब येतात, त्यांना काही लागत नाही. ते काय?

किडेकर | १३ जून, रात्री ९:००

ते सीसीए. तांबं, क्रोमियम, आर्सेनिक. टेम्सकाठांनी बिहार काढला, मी डेहराडून काढतो. ही मिश्रणाची युक्ती १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी काढली आणि जगभर विजेचे खांब त्यावर उभे राहिले. तांबं बुरशीला, आर्सेनिक किड्याला. क्रोमियम कोणालाच नाही, ते फक्त त्या दोघांना लाकडात कुलूप लावतं. लाकडाशी क्रिया होऊन ते न विरघळणारं होतं आणि बाकीच्यांनाही धरून ठेवतं. बोरॉनकडे नेमकं हे कुलूप नाही, म्हणून ते पावसात धुतलं जातं.

पण हे ब्रशचं काम नव्हे. लोखंडी टाकीत लाकूड घालून आधी हवा ओढून घेतात, मग दाबाने औषध कोंबतात. आणि आर्सेनिक म्हणजे आर्सेनिक. अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापरातून ते काढलं. ते तुकडे चुलीत घालू नका हो, राखेत सगळं उरतं. तीच गोष्ट रेल्वेच्या जुन्या स्लीपरची. क्रिओसोट (कोळशाच्या डांबराचं तेल) प्यालेलं ते लाकूड, त्याचं लोक जेवायचं टेबल करतात ते बघून पोटात गोळा येतो.

नवखा_२२ | १४ जून, सकाळी ८:४५

एवढं कशाला? धान्यात टाकायच्या गोळ्या मिळतात. कपाट प्लास्टिकने गुंडाळा, चार गोळ्या आत, दोन दिवस बाहेर फिरायला जा. गॅस आतपर्यंत जातो, अळीसकट खलास.

किडेकर | १४ जून, सकाळी ८:५८

हा प्रतिसाद वाचून कोणी काही करायच्या आत लिहितो. हे करू नका.

ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी. हवेतल्या दमटपणाने फॉस्फिन वायू सुटतो. तो आतपर्यंत जातो हे खरं आहे, आणि म्हणूनच तो भिंतीच्या फटीतून, एसीच्या भोकातून, शेजारच्या बेडरूममध्येही जातो. त्यावर उतारा औषध नाही. फ्लॅटमध्ये या गोळ्यांनी शेजारची लहान मुलं गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. कायद्यानेही ही सर्वसामान्यांना विकायची वस्तू नाही. धुरी देतात ती मोकळ्या जागी, ताडपत्रीखाली, मोजणी यंत्र हातात घेऊन, परवानाधारक माणूस. आणि एवढं करून वायू उडून गेला की मागे काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी नवी मादी येऊन अंडी घालू शकते.

आतपर्यंत जाणारं बिनविषारी काही हवं असेल तर उष्णता. परदेशी जाणाऱ्या खोक्यांच्या लाकडाला गाभ्यात ५६ अंश सलग ३० मिनिटं द्यावे लागतात. पॅलेटवर 'एचटी' छापलेलं असतं ते हेच. पण कपाट भट्टीत घातलं तर पॉलिश आणि सांधे दोन्ही जातील.

नवखा_२२ | १४ जून, सकाळी ९:३०

माफ करा, माहीत नव्हतं. आमच्याकडे गावी कणगीत टाकतात म्हणून लिहिलं.

कोनाडा | १६ जून, रात्री ११:२०

रंधा, तुम्हाला दंडवत. आज कपाट भिंतीपासून ओढलं, टॉर्च घेऊन आत शिरले. पाठीमागे ज्या चार आडव्या पट्ट्या नव्या घातल्यात त्यांतली एक बोटाने दाबली तर बिस्किटासारखी आत गेली. वर सागाच्या रंगाचं स्टेन, आत पांढरंफेक! फोटो टाकलाय. पिठी मैद्यासारखी, चोळून बघितली. पण मग दाराच्या सागाला भोकं कशी? दार तर जुनंच आहे.

रंधा | १७ जून, सकाळी ६:५०

फोटो बघितला. आंब्याचं वाटतंय, शपथेवर सांगत नाही. लाकूड कुठलंही असो, किडा इथेच आहे हे पट्टी ओरडून सांगतेय.

किडेकर | १७ जून, सकाळी ७:३०

भुंगा खातो एकीकडे आणि बाहेर पडतो वाटेल तिकडे. वाटेत साग आला, पत्र्यासारखा लॅमिनेट आला, तरी कुरतडून जातो. दार बंद असताना ते त्याला चिकटून असलेल्या पट्टीतून निघाले असतील. दाराच्या आतल्या अंगालाही भोकं आहेत का बघा, आरपार सापडतील.

आता काय करा: पोखरलेल्या पट्ट्या सरळ काढा, औषध पाजत बसू नका. काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, गॅलरीत 'बघू नंतर' म्हणून ठेवू नका. बाकीचं आतलं, पॉलिश नसलेलं लाकूड पॉलिश पेपरने घासून त्यावर दुकानात मिळणारं तयार, सॉल्व्हंटमधलं वुड प्रिझर्व्हेटिव्ह दोन हात लावा. पाण्यातलं नको, लाकूड फुगतं आणि आतही कमी जातं. सांधे आणि पट्ट्यांची कापलेली टोकं यांना जास्त पाजा, नळ्यांची तोंडं तिथेच उघडी असतात. भोकांत सुईने सोडा, आणि वऱ्हाडी_ऊन यांचा चष्मा विसरू नका. खिडक्या उघड्या, गॅस बंद, आठवडाभर कपडे ठेवायचे नाहीत. मग वाटलं तर पॉलिश. नव्या पट्ट्या गाभ्याच्या सागाच्या किंवा बोरॉन दाबून भरलेल्या रबरवुडच्या.

शेवटी भोकांवर मेण लावा आणि खाली काळा कागद पसरून त्यावर तारीख घाला. नाहीतर जुनी साठलेली पिठी शेजारी मिक्सर चालू झाला तरी गळते आणि आपण उगाच घाबरतो.

शंकेखोर | १७ जून, सकाळी १०:०५

माझी शंका फिटली, हे या संस्थळावर पहिल्यांदाच होत असावं. संस्कृतच्या मास्तरांनी घुणाक्षरन्याय शिकवला होता. किडा लाकूड खाता खाता चुकून अक्षर उमटतं, तसं. कोनाडाताई, दारावर काही अक्षर दिसतंय का?

कोनाडा | १७ जून, दुपारी २:४०

अकरा अनुस्वार.

कोनाडा | २३ मे (पुढच्या वर्षीची)

धागा वर काढतेय. गेल्या जूनमध्ये सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. पट्ट्या तीन बदलल्या, एक तळाच्या चौकटीत अडकलेली होती ती कपाट न फोडता निघाली नसती, म्हणून तिला फक्त औषध पाजलं. काळा कागद वर्षभर कोरा होता. हिवाळ्यात तर मी बघायचंही सोडलं होतं.

काल त्याच अडकलेल्या पट्टीवर एक नवं भोक सापडलं. बारावं. कडा पांढऱ्या, ताज्या. जीव खाली गेला. मग टॉर्च खाली केला तर कागदावर, भोकाच्या बरोबर खाली, एक तपकिरी भुंगा उताणा पडलेला. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. पाय घट्ट मिटलेले. काडीने ढकललं, हलला नाही.

काडेपेटीत ठेवलाय. सासरे म्हणतात टाकून दे.

किडेकर | २३ मे, रात्री ९:१५

टाकू नका. दारातच गाठलाय तो.